परुळेकरांचं भाड्याचं घर

मेढ्यातलं घर गुरुदास परुळेकरांनी विकत घेतलं ते राहण्यासाठी नव्हे, भाड्याने देण्यासाठी. हे वाक्य मालवणात ज्याला त्याला सांगताना ते आधी थोडं खाकरत. हायस्कुलातल्या हेडकारकुनाचं राहतं घर गावाच्या मध्यावर, भरडावर आणि दुसरं भाड्याचं घर मेढ्यात, समुद्राच्या अंगाला, ही गोष्ट एकोणीसशे साठ साली खाकरण्याजोगीच होती. तेव्हा मालवणात सरकारी माणसं येऊ लागली होती. रस्ते व्हायचे होते, पूल व्हायचे होते, आणि ते करणाऱ्या घाटावरच्या साहेबलोकांना राहायला घरं मिळत नव्हती. परुळेकरांचा हिशेब सरळ होता. छपरावरचे जुने गावठी नळे काढायचे, मंगळुरी कौलं घालायची, भिंतींना चुना मारायचा, साहेब आणून बसवायचा.

लवू मिस्त्री शिडीवर चढला आणि सरळपणा तिथेच संपला.

"भाऊनूं," तो वरूनच म्हणाला, "नळे बदलूचे तर बदलतंय. पण खालचे वासे बगलात काय?"

त्याने बोटाच्या पेराने एका वाशावर टकटक केलं. वासा काही बोलला नाही, नुसता भुगा होऊन परुळेकरांच्या टोपीवर पडला. वाळवीने आतून सगळं खाऊन वरची साल तेवढी शोभेला ठेवली होती. वासे काढले तेव्हा भिंतीच्या माथ्यावरचे चिरे हलू लागले. चिरे उतरवले तेव्हा खिडकीच्या चौकटीने मान टाकली. रोज संध्याकाळी हायस्कूल सुटल्यावर परुळेकर मेढ्यात जात तेव्हा घर आदल्या दिवशीपेक्षा थोडं कमी झालेलं असे.

"काय झाला?" असं ते विचारत.

"बरा झाला लवकर कळला ता," असं लवू म्हणे, आणि आणखी काहीतरी कळलेलं दाखवी.

सल्ला द्यायला भाई होतेच. भाई म्हणजे कोर्टातले निवृत्त बेलीफ. जन्मभर लोकांच्या दारावर समन्स चिकटवल्यामुळे सगळा कायदा आपल्या हाताखालून गेला आहे अशी त्यांची समजूत होती, आणि सुपारी कातरत ते तो कायदा फुकट वाटत. "साहेबाक घर देतंस तर संडास आतच होयो रे, गुरुदास," भाई म्हणाले. "घाटावरचो साहेब टमरेल घेवन माडाच्या मुळात जावचो नाय. ता आपणच करूचा."

संडास पश्चिमेच्या बाजूला आखला, त्याच दिवशी शेजारच्या रहमतबी कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. रहमतबींचा मुलगा इद्रीस शिडाच्या मचव्यावर तांडेल होता आणि त्यांचं अंगण वर्षभर सुकत घातलेल्या बांगड्यांनी आणि सुकटीने भरलेलं असे. वारा फिरला की त्या अंगणाचा वास थेट बाजारपेठेत कळे.

"भाऊ, ह्या हय नको," त्या म्हणाल्या. "वारो थंयसून येता. माझ्या सुकटीक वास लागतलो."

परुळेकरांनी आखणीचे खुंटे उपटायला सांगितले. या वाक्याला उत्तर देणं हेडकारकुनाच्या शिक्षणात बसत नव्हतं. पूर्वेला विहीर होती, मागे रहमतबींचीच वाट होती. तेव्हा संडास समोर, रस्त्याच्या बाजूला आला. घराकडे येणाऱ्याला प्रथम त्याचंच दर्शन होई. लवूने त्याला कमानीचं दार बसवलं, त्यामुळे एक परका वाटसरू त्याला देवाची घुमटी समजून नमस्कार करून गेला. ही बातमी भाईंनी भरडावर तिखटमीठ लावून पोचवली.

कौलं मंगळुराहून मचव्याने निघाली. मे महिना अर्धा सरला होता. घरावर आता नवे वासे होते आणि त्यांच्यामधून आभाळ दिसत होतं. परुळेकर रोज बंदरावर जाऊन समुद्राकडे असे बघत उभे राहत की बंदरावरच्या लोकांना वाटे, यांचं कुणीतरी आफ्रिकेहून येणार आहे. शेवटी निरोप आला की त्या मचव्याच्या तांडेलाने वाऱ्याला भिऊन कौलं आरोंद्याच्या खाडीत उतरवली आहेत, ज्यांची असतील त्यांनी घेऊन जावी.

निरोप आला त्याच दिवशी, ठरल्यापेक्षा महिनाभर आधीच, ज्यांच्याशी घराचं बोलणं झालं होतं ते भालेराव साहेबही आले.

हे सरकारी ओव्हरसियर. उंच, हडकुळे, शर्टाच्या खिशात मोजायची टेप. बरोबर त्यांची आई राधाबाई, दोन ट्रंका, एक फळी नसलेला झोपाळा आणि कऱ्हाडहून आणलेलं जातं. बैलगाडी मेढ्यातल्या घरासमोर थांबली. साहेबांनी वर पाहिलं. छप्पर नव्हतं.

परुळेकर सरकारी माणसाशी नेहमी छापील मराठी बोलत आणि घाबरले की ती आणखी छापील होई. "प्रस्तुत वास्तूचं आच्छादन मार्गस्थ आहे," ते म्हणाले.

"म्हणजे?" राधाबाईंनी विचारलं.

"कौलं आरोंद्याला आहेत."

"मग आम्ही झोपायचं कुठं? आरोंद्याला?"

रस्त्यावर माणसं जमू लागली होती. गाडीवाला बैल सोडायचे की नाही ते विचारत होता. राधाबाई कमानीच्या दाराकडे बघून हात जोडायच्या बेतात होत्या. त्या क्षणी परुळेकरांच्या तोंडून जे वाक्य निघालं, ते निघताना त्यांना स्वतःलाही ऐकू आलं नाही.

"तूर्त आपण माझ्या भरडावरच्या घरी राहावं. चार दिवसांचा प्रश्न आहे. आम्ही इथं आटोपून घेऊ."

बायकोला, सुगंधाला, हे त्यांनी घरी जाऊन सांगितलं. ती वरण उतरवत होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं, वरणाकडे पाहिलं, आणि पदराने घाम पुसून भांडी गोळा करायला लागली. ती काहीच बोलली नाही याचा परुळेकरांना फार आधार वाटला. पुढे त्यांच्या लक्षात आलं की बायको बोलत नाही तेव्हा आधार वाटून घेऊ नये.

दोघी मुली, गाठोडी आणि देवाची पेटी घेऊन परुळेकर कुटुंब आपल्या भाड्याच्या घरात झावळ्यांच्या आडोशाला उतरलं. कौलं आणायला इद्रीस आपला मचवा घेऊन आरोंद्याला गेला आणि पावसाच्या तोंडावर आली तेवढी कौलं चढली. चार दिवसांचा महिना झाला. घर राहण्यासारखं झालं तसं परुळेकरांनी भालेराव साहेबांना आदराने बोलावून नेलं. साहेबांनी टेप काढली. भिंती ओळंब्यात नाहीत, ओलीला जागा आहे, चौकट खारी हवा सोसणार नाही, असं ते शांतपणे सांगत गेले, जणू पुलाची पाहणी करत होते. राधाबाईंचं म्हणणं त्याहून थोडक्यात होतं.

"समुद्र रात्रभर बोलतो हो. मला झोप लागायची नाही. आम्ही आहोत तिथं बरं आहोत. देऊळ जवळ, डॉक्टर जवळ. भाडं काय ते घ्या."

भाडं त्यांनी दिलंही होतं, आणि परुळेकरांनी मुद्दाम छापून घेतलेल्या पावतीपुस्तकातली पहिली पावती ऐटीत फाडून दिली होती. भाईंना हे कळलं तेव्हा त्यांच्या हातातली सुपारी पडली.

"पावती दिलंस? मेल्या, सही केलंस?"

"मालक म्हणान केलंय. अभिमानान केलंय."

"मगे झाला! आता तो कायद्यान तुझो भाडेकरू. ह्या जल्मात तेका काडूक गावचो नाय. तू आपल्या हातान आपल्याक घराभायर काडलंस. मी बेलीफ होतंय तेव्हा असा करूक आमका हुकूम लागा होतो."

अशा रीतीने दोन घरांचे मालक परुळेकर दुसऱ्याच्या म्हणून बांधलेल्या घरात राहू लागले. दोन पावसाळे गेले. छत्री, आरामखुर्ची, वडिलांची काठी, असं एकेक आठवे तसं ते भरडावर जाऊन आपल्याच दाराची कडी वाजवत. राधाबाई दार उघडून म्हणत, "चपला बाहेर काढा, आत्ताच सारवलंय." ते आपल्या ओटीवर पाहुण्यासारखे टेकत. एकदा ते आपल्याच माडाचे नारळ पाडून घ्यायला गेले, तर राधाबाई म्हणाल्या, "आधी सांगत जा हो. दुपारी मी पडलेली असते, धाडकन आवाज होतो." परुळेकरांनी माडांच्या वतीने क्षमा मागितली. शाळेतले मास्तर त्यांना हसत हसत विचारत, "काय हेडक्लार्कसाहेब, सध्या मालक की भाडेकरू?" आणि परुळेकर दौतीत टाक असा खुपसत की टाकाचं नाक मोडे.

मग गोवा मोकळा झाला. सीमेपलीकडे रस्ते, कचेऱ्या, सगळ्यालाच माणसं हवी झाली, आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला भालेरावांची पणजीला बदली झाली.

परुळेकरांना ही बातमी राधाबाईंनी दिली आणि त्या बातमीला शेपूट होतं. "याच्या जागी नवे साहेब येतायत, कोल्हापूरचे. त्यांनाही घर नाही. हा म्हणतो, घर मोकळं झालं की किल्ली कचेरीत द्यायची, ते पुढच्या माणसाला देतात."

परुळेकर तसेच भाईंकडे धावले. भाईंनी डोळे मिटून नियम आठवला. तो खरा किती आणि भाईंचा किती हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. "भाड्याचा घर मोकळा झाला की सरकार घेता. पण मोकळा झाला तर! घडीभर पण मोकळा रवता नये. ते एका दारान भायर, तुमी दुसऱ्या दारान आत. आणि चूल पेटलेली दिसूक होयी. चूल पेटली म्हंजे बिऱ्हाड. ह्या खंयच्याय कोर्टात चलता."

परुळेकर साहेबांना भेटले. नियमावर बोट ठेवून चालणाऱ्या माणसाला असली गोष्ट सांगायची म्हणून त्यांनी आधी दोनदा खाकरून घेतलं. भालेरावांनी सगळं ऐकून घेतलं, टेप खिशात ढकलली आणि छताकडे बघत म्हणाले, "रिकाम्या घराची किल्ली कचेरीत देणं माझं काम आहे. घरात माणसं असतील तर कुलूपच लागणार नाही. मग किल्लीचा प्रश्न कुठं येतो?"

परुळेकरांना त्यांचे पाय धरावेसे वाटले.

निघायच्या दिवशी सकाळी भरडावरच्या घरात एकच कल्लोळ झाला. पुढच्या दारातून ट्रंका बाहेर पडत होत्या आणि मागच्या दारातून गाठोडी आत येत होती. जातं निघालं तेव्हा माजघरात परुळेकरांच्या देवाची पेटी मधेच अडली आणि राधाबाईंनी जात्याखालून वाकून देवाला नमस्कार केला. सारखा कुणीतरी ओरडत होता, "येले काय? येले काय?" तो आवाज भाईंचा होता, ते फाटकाशी पहाऱ्याला उभे होते. परुळेकर घामाने निथळत होते. एक दार वाऱ्याने आपटलं तरी ते फाटकाकडे धावत. तेवढ्यात भाई धावत आले. "येले रे! कचेरीतलो दत्ताराम आणि नवो साहेब! वळणाकडे आसत!"

"चूल!" परुळेकर किंचाळले. "सुगंधा, चूल!"

सुगंधा सकाळपासून गप्प होती. तिने चुलीत झावळीची पाती घातली, काडी ओढली. झावळी दमट होती, धूर झाला, जाळ होईना. परुळेकर स्वतः ओणवे होऊन फुंकणीने फुंकू लागले आणि राखेने त्यांच्या मिशा पांढऱ्या झाल्या. भालेरावांची गाडी पुढच्या दारासमोरून हलली आणि त्याच क्षणी जाळ धरला. सुगंधाने त्यावर दुधाचं पातेलं ठेवलं.

दत्ताराम भाऊसाहेब कचेरीत घरं देण्याचं काम बघत. जाडजूड, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांच्यामागे नवे साहेब होते. अगदी तरणा पोरगा, डोळे जागरणाने लाल. परुळेकर राखेच्या मिशांनी पुढे झाले.

"हे घर मोकळं नाही," ते म्हणाले. "आम्ही सहकुटुंब येथे वास्तव्य करून आहोत. चूल पाहावी."

दत्तारामांनी धूर पाहिला, गाठोडी पाहिली. "केव्हापासून?"

"तसं म्हटलं तर वडिलांच्या वेळेपासून."

दत्ताराम हसले नाहीत, पण त्यांनी मान डोलावली. "लिहून द्या तसं." परुळेकरांनी लिहून दिलं. मग दत्ताराम म्हणाले, "मग तुमचं मेढ्यातलं घर आता मोकळं झालं असेल."

परुळेकरांना क्षणभर समजलंच नाही. मग एकदम उजाडलं. दोन वर्षांपूर्वी ज्यासाठी सगळा खटाटोप मांडला, ते आपल्या पायाने दारात आलं होतं! भरडाचं घर परत, मेढ्यातल्या घरात साहेब, हातात पावतीपुस्तक! "झालंच!" ते ओरडले. "मोकळंच आहे! समुद्राचा वारा, नवी कौलं, संडास... संडासाबद्दल तर काय सांगू! अगो, किल्ली दे."

आतून उत्तर आलं नाही. ते स्वयंपाकघरात गेले. दूध उतू जाऊन जाळात चर्रचर्र वाजत होतं. मागचं दार सताड उघडं होतं. सुगंधा नव्हती.

मग भरडावरून मेढ्यापर्यंत वरात निघाली. पुढे परुळेकर घराची स्तुती करत, मागे नवे साहेब, त्यांच्यामागे दत्ताराम, सगळ्यांत शेवटी कायद्याचा अर्थ लावत भाई. वाटेत नवे साहेब हळूच म्हणाले, "कसंही असलं तरी चालेल हो. बायको लहान पोराला घेऊन धर्मशाळेत बसलीय. त्याला कालपासून ताप आहे." परुळेकरांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. आपण आता दयाळू मालक आहोत असं त्यांना वाटत होतं.

मेढ्यातल्या घराच्या ओट्यावर सुगंधा बसली होती. शेजारी रहमतबी. मधे परातीत बांगडे होते आणि दोघी विळीवर ते साफ करत होत्या.

"हेच ते घर," परुळेकर म्हणाले. "अगो, ऊठ. साहेबांक घर दाखव."

"ह्या घर मोकळा नाय," सुगंधा म्हणाली.

दत्ताराम गोंधळले. "वहिनी, पण भाऊंनी आत्ताच लिहून दिलंय. सगळं कुटुंब भरडावर राहतं म्हणून."

"ते रवतत थंय," तिने बांगड्याचं डोकं उडवलं. "मी हय रवतंय. मुली शाळेसून हयच येतले."

रापणीचं जाळं ओढून परतणारी माणसं थांबली. हायस्कुलातल्या हेडकारकुनाची बायको चारचौघांत सांगत होती की नवरा एकीकडे राहतो आणि ती दुसरीकडे. परुळेकरांनी भाईंकडे पाहिलं. भाई माडाच्या शेंड्याकडे बघत होते. कायद्यात याला काही नव्हतं.

"खरा सांगता ती," रहमतबींनी शांतपणे साक्ष दिली.

"म्हणजे... दोन बिऱ्हाडं?" दत्तारामांनी विचारलं. "तसं लिहून द्यावं लागेल."

परुळेकरांच्या कानांतून वाफा निघू लागल्या. उद्या हे हायस्कुलात, परवा कणकवलीपर्यंत. ते बायकोला हाताने खूण करत आत गेले. ती हात धुऊन मागून आली.

"काय ह्या?" ते दबक्या आवाजात म्हणाले. मालवणी त्यांना आपोआप आली. "चार लोकांत माझी अब्रू काडलंस! आपल्या हक्काचा घर आसा ता. वडिलांचा!"

"तुमच्या वडिलांचा," सुगंधा म्हणाली. "माका ठाऊक आसा. पंदरा वर्सां मी थंय रांदलंय. त्या सैपाकघराक खिडकी नाय. दिवसाचो दिवो लावन बसाक लागता." ती चुलीपाशी गेली. चूल खिडकीखाली होती आणि खिडकीतून माडांच्या आड समुद्र दिसत होता. "ह्या घर बांदताना लवून माका इचारल्यान, वयनी, चूल खंय घालू? माका बोलाकच सुचला नाय. जल्मात माका कोणी असा इचारूक नाय. आईन नाय, सासून नाय." ती थांबली. "तुमी पण नाय."

परुळेकर चुलीकडे बघत राहिले. दोन वर्षं ते या स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवले होते आणि चूल कुठे आहे हे त्यांनी आज पाहिलं. त्यांना काहीतरी छापील बोलावंसं वाटलं. काही आठवेना. बाहेर कुणीतरी खोकलं. नव्या साहेबांचं धर्मशाळेतलं पोर त्यांच्या मनात आलं.

ते ओट्यावर आले. टोपी सरळ केली. "भाऊसाहेब," ते दत्तारामांना म्हणाले, "मघाशी मी लिहून दिलं त्यात चूक झाली. भरडावरचं घर मोकळं आहे."

"गुरुदास!" भाईंनी कपाळावर हात मारला. "मेल्या, कायद्यान जितलेला घर..."

"देऊळ जवळ आहे, डॉक्टर जवळ आहे," परुळेकर नव्या साहेबांना सांगत होते. "स्वयंपाकघरात अंधार फार आहे. तिथे एक खिडकी पाडून घ्या. लवू मिस्त्रीला सांगतो मी. पण आधी पोराला घेऊन तिथे जा. दूध उतू गेलंय, तेवढं पुसून घ्या."

तरण्या साहेबांनी त्यांचे दोन्ही हात धरले आणि धर्मशाळेच्या दिशेने जवळजवळ धावतच गेले. दत्तारामांनी पहिला कागद फाडला. मग, अपील करायला अजून वाव आहे असं पुटपुटत भाईही गेले. परुळेकर ओट्याच्या कडेवर बसले. लोक अजून बघत होते, ते त्यांनी बघू दिलं.

आत तव्यावर बांगडा पडल्याचा आवाज झाला.

"अवो," सुगंधाने हाक मारली, "आत येवा. मिशांक राख आसा ती धुवा पयली. मगे जेवाण वाढतंय."